सारमधील १९४७ च्या चलनी नोटा : संग्रह आणि पुरावा

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी व फ्रान्स यांच्या सीमेवरील सार हा कोळसा-पोलादाचा प्रदेश फ्रान्सच्या नियंत्रणाखाली आला. तेथे १६ जून १९४७ रोजी राइशमार्कच्या समान दराने ‘सार मार्क’ हे स्वतंत्र चलन सुरू करण्यात आले. हेतू व्यावहारिक होता : फ्रँक लागू होण्यापूर्वी उर्वरित जर्मनीतील मोल गमावलेले राइशमार्क बदलून घेण्यासाठी सारमध्ये लोटू नयेत. १, २, ५, १०, ५० व १०० मार्कच्या या नोटा जेमतेम पाच महिने टिकल्या. नोव्हेंबर १९४७ मध्ये एका मार्कास २० फ्रँक या दराने त्यांची जागा फ्रँकने घेतली.

संग्राहकांना १ व २ मार्कच्या नोटा सहज मिळतात; ५० व १०० च्या मात्र दुर्मीळ. दोन हजार फ्रँक देणारी नोट आठवण म्हणून कोण ठेवणार? संग्राहक कोऱ्या नोटेस अधिक मोल देतात. अभ्यासकाने मात्र घडी पडलेली, मळकी नोट आधी पाहावी. चलन प्रत्यक्ष हातोहात फिरल्याची साक्ष तीच देते. सारच्या नावाची फ्रँकमधील नाणी १९५४-५५ मध्ये निघाली. २३ ऑक्टोबर १९५५ च्या सार्वमतात जनतेने सारच्या युरोपीय दर्जाचा प्रस्ताव नाकारला आणि १ जानेवारी १९५७ रोजी सार पश्चिम जर्मनीत सामील झाले; फ्रँक मात्र जुलै १९५९ पर्यंत चालत राहिला.