तूर कुठी गेली?

२०२२ च्या खरिपातली गोष्ट. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात, काकांच्या शेतात मी त्यांचा मोबाईल घेऊन उभा होतो. सोयाबीन गुडघ्याला लागले होते. ‘ई-पीक पाहणी’चे ॲप उघडून मी खाते निवडले, गट क्रमांक निवडला आणि मोठ्या ऐटीत ‘निर्भेळ पीक - सोयाबीन’ अशी नोंद करून टाकली. काकांनी पडद्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘अन् तूर कुठी गेली रे बाबू?’’

खरेच की! सोयाबीनच्या मध्ये तुरीची तासे उभी होती. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ही पेरणी समजावून सांगावी लागत नाही. शिकलेल्या पुतण्याला सांगावी लागली.

चूक लहान नव्हती. सातबाऱ्यातला ‘बारा’ म्हणजे पिकांची नोंद. तिथे तूर नसेल तर हमीभावाने विकायला नेताना किंवा नुकसानीची मदत मागताना कागद सांगणार, तुम्ही तूर पेरलीच नव्हती! पूर्वी ही नोंद तलाठी करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर शेतकऱ्याच्या हाती आली. अधिकार आला, तशी चुकण्याची जोखीमही आली.

आमचे निभावले, कारण २०२२ च्या सुधारित आवृत्तीत ४८ तासांच्या आत स्वतःच दुरुस्ती करण्याची सोय होती. माणूस चुकणार, हे त्या आवृत्तीने गृहीत धरले होते. छायाचित्र काढताना आपण निवडलेल्या गटापासून दूर असलो तर तसा संदेश येई. शिवारात रेंज नसेल तर माहिती साठवून नंतर पाठवता येई. वाट दाखवणारे सॉफ्टवेअर असे असावे. ते दटावत नाही. आपण कुठे उभे आहोत ते सांगते आणि मागे फिरायला जागा ठेवते.

याउलट ‘ऑफिस ९७’ मधली ती डोळे मिचकावणारी कागदाची टाचणी आठवते? पत्र लिहायला घेतले की ती मदतीला धावून येई. शंभरावे पत्र असले तरी तिचा उत्साह पहिल्या पत्राइतकाच! लोक वैतागले आणि ‘ऑफिस २००७’ मधून ती गेली. तिला बोलता येत होते. समोरचा माणूस कोण, हे मात्र कळत नव्हते.

आपल्या पीकनोंदणीतही ही उणीव थोडी उरलीच आहे. ज्याला वाचता येत नाही, ज्याची बोटे पडद्यावर अडखळतात, त्याला अजून पुतण्या शोधावा लागतो. पुढे गावोगाव सहायक नेमावे लागले, ते उगाच नव्हे. यंत्राला जे उमगले नाही, ते माणसाकडून भरून घ्यावे लागले.

खरे तर फार मोठ्या बुद्धिमत्तेची गरज नाही. ज्या भागात सोयाबीनमध्ये तूर घेण्याची रीतच आहे, तिथे ‘निर्भेळ’वर बोट पडताच ॲपने मराठीत, ऐकू येईल असे, एवढेच विचारावे : ‘आत दुसरे पीक नाही ना?’ उत्तर देणारा शेतकरीच राहील. आठवण करून देणारे कोणी तरी असेल.

त्या दिवशी दुरुस्ती करून मी ‘मिश्र पीक’ निवडले, सोयाबीनखाली तूर घातली आणि पडदा काकांसमोर धरला. ‘‘आता बरोबर,’’ म्हणाले आणि धुऱ्याकडे वळले. सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांनी परीक्षा घ्यायची तर ती याच बांधावर घ्यावी.