पितळी टोकन आणि तिजोरीच्या दोन किल्ल्या

परवा भाचा पुण्याहून नगरला घरी आला होता. तो कॉम्प्युटरवाला. अनेक यंत्रं एकमेकांना निरोप देत काम करतात, तेव्हा ती कुठं अडतील हे आधीच आकृती काढून तपासायचं, हे त्याचं काम. आकृतीत वर्तुळं, पट्ट्या, बाण आणि वर्तुळांत ठिपके. “मामा, या ठिपक्यांना टोकन म्हणतात,” तो म्हणाला आणि मी सरसावून बसलो. पितळी टोकनं मोजण्यात माझी नोकरी गेली!

ही पद्धत जर्मनीच्या कार्ल आडाम पेट्री यांची. पाया त्यांच्या १९६२ च्या प्रबंधातला. पट्टीकडे येणाऱ्या प्रत्येक वर्तुळात टोकन असेल, तरच काम पुढं सरकतं. आमच्या तिजोरीसारखंच. एक किल्ली मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे.

हौसेनं मी नेवासे तालुक्यातल्या आमच्या जुन्या शाखेची आकृती काढायला घेतली. स्लिप, लेजर, सही, रोकड... कॅलेंडरची पाठ भरली, बाणांची जिलबी झाली. भाचा हसला. पाच क्लार्कांची पाच चित्रं कशाला? डेन्मार्कच्या कुर्ट येन्सेन यांनी टोकनांना ‘रंग’ दिले, म्हणजे टोकन आपली माहिती सोबत बाळगतं. मग पाचांना एकच चित्र पुरतं. उरलेला पसारा एकेका चौकोनात घालून त्याचं वेगळं पान करायचं.

मी ‘तिजोरी’ आणि ‘पेमेंट’ असे दोन चौकोन केले. चित्र देखणं झालं. मग १९९० च्या सुमाराची एक दुपार आठवली.

उसाचं बिल जमा झालेलं, शाखा गच्च, काउंटरवरची रोकड संपलेली. मॅनेजर आपली किल्ली तिजोरीला लावून उभे. ती सोडून हलता येईना. हेड कॅशियर जागेवरून उठेनात, कारण हातातल्या चेकवर मॅनेजरची सही राहिलेली. दोघंही नियमानं बरोबर! याला डेडलॉक म्हणतात, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

माझ्या देखण्या चित्रात ती दुपार कुठंच नव्हती. किल्ली एका चौकोनात झाकलेली, सही दुसऱ्यात. “जे दोन्हीकडे लागतं ते आत झाकायचं नाही, मामा,” भाचा म्हणाला. मॅनेजर एकच, हेड कॅशियरही एकच. त्यांची वर्तुळं बाहेर काढून दोन्ही चौकोनांना जोडली. मग त्यानं कॉम्प्युटरला सगळ्या शक्यता चाळायला लावल्या. अडलेली जागा लगेच सापडली.

आमच्या शाखेत ती एका म्हाताऱ्या खातेदारानं शोधली होती. काउंटरवर टोकन आपटून तो ओरडला, “सायेब, तुम्ही दोघं एकमेकाचीच वाट बघताय का?”