वटवट्या : आवाजाने ओळखावयाचा पक्षी



मराठीने ज्यांना ‘वटवट्या’ असे काहीसे उपहासाचे नाव दिले, त्या चिमुकल्या पक्ष्यांविषयी येथे थोडे विवेचन करावयाचे आहे. राखी, करडा किंवा फिकट हिरवा असा त्यांचा वेष; ना तुरा, ना झळाळी. परंतु नाव ठेवणाऱ्याने रूप सोडून आवाज पकडला, यात त्याची मार्मिकता आहे. या पक्ष्यांच्या बाबतीत डोळा फसतो. कानच खरी ओळख पटवितो. इंग्लंडमधील गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाने अठराव्या शतकात जवळजवळ एकसारखे दिसणारे तीन पर्णवटवटे आवाजावरूनच वेगळे ओळखले. आपल्या राखी वटवट्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३२ साली केले, तेही दख्खनमधील पक्ष्यांवरून. पूर्वी एकाच कुळात गणलेले हे पक्षी जनुकीय अभ्यासानंतर आता अनेक कुळांत विभागले गेले आहेत. राखी वटवट्या हा शिंपी पक्ष्याचा भाऊबंद ठरला, तर पर्णवटवट्यांचे कूळ निराळे झाले.

या पर्णवटवट्यांपैकी हिरवट पर्णवटवट्याची कथा भाषेच्या अभ्यासकाला विशेष मोलाची वाटते. हिवाळ्यात आपल्याकडे झाडांच्या शेंड्यांवर किडे टिपणारा हा पाहुणा विणीसाठी उत्तरेकडे जातो. तिबेटचे उघडे पठार त्याला मानवत नाही; म्हणून त्याची वीण पठाराभोवतीच्या वनांत, कड्यासारखी पसरली आहे. हिमालयात त्याचे गाणे लहान व साधे आहे. तेथून पश्चिमेच्या व पूर्वेच्या अशा दोन्ही वाटांनी उत्तरेकडे जावे, तसतसे ते दीर्घ व गुंतागुंतीचे होत जाते, मात्र दोन वाटांवर दोन रीतींनी. सैबेरियात दोन्ही टोके एकत्र येतात, तेव्हा शेजारचा नर गात असूनही ते गाणे आपल्या जातीचे म्हणून ओळखले जात नाही. अर्विन, बेन्श व प्राइस यांनी २००१ साली हे सप्रमाण मांडले. २०१४ च्या जनुकीय संशोधनाने त्याला पुरवणी जोडली : ही साखळी भूतकाळीही अखंड नव्हती आणि टोकांशी अल्पसा संकरही झाला आहे. आज उत्तर चीनमध्ये तिला खिंडार आहे. जंगलतोड हे त्याचे संभाव्य कारण मानतात.

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. बेळगावहून चंदगड, सावंतवाडी, मालवण असे जाणाऱ्यास हे निराळे सांगावे लागत नाही. पक्ष्याचे गाणे म्हणजे मानवी बोली नव्हे, याचे भान ठेवूनही एक साम्य नोंदविणे उचित होईल. दूरची टोके परस्परांना उमजतात ती मधल्या कड्यांमुळे. सीमाभागातील आपल्या मुलांची घरची बोली ही अशीच मधली कडी होय. प्रमाणभाषा त्यांना अवश्य शिकवावी. परंतु त्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून गप्प करणे म्हणजे साखळीतील एक कडी स्वहस्ते तोडणे आहे. ज्या आवाजाला आपण वटवट म्हणून हिणवितो, तोच कदाचित आपली ओळख सांगत असतो.