इवूडचा मालक कुठे राहतो?

इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबच्या खात्यात मालकाचे पैसे पोहोचावेत की नाही, हे २०२३ आणि २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला विचारावं लागत होतं. क्लबचं नाव ब्लॅकबर्न रोव्हर्स, मैदान इवूड पार्क, मालक पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरचे. भारतातून त्यांच्या लंडनच्या कंपनीत आणि तिथून क्लबमध्ये जाणाऱ्या पैशांची अंमलबजावणी संचालनालयाने परकीय चलन कायद्याखाली (फेमा) चौकशी सुरू केली होती. त्यामुळे पैसे पाठवायचे तर न्यायालयाची परवानगी हवी आणि तेवढ्याच रकमेची बँक गॅरंटीही. लँकेशायरमधल्या ज्या माणसांचे आजे-पणजे कापडगिरण्यांत मागावर राबले, ती माणसं ‘फेमा’ म्हणजे काय याचा अभ्यास करू लागली. कोर्टात पुढची तारीख पडणं हा आपला घरचा अनुभव. तो त्यांच्याही वाट्याला आला.

हे मालक म्हणजे व्यंकीज. व्यंकीज म्हटलं की आपल्याला कोंबडी आठवते. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचा पसारा पुढे पशुखाद्य, लसी, तयार खाद्यपदार्थ असा वाढत गेला. त्यांच्या पश्चात कन्या अनुराधा देसाई आणि मुलगे व्यंकटेश राव व बालाजी राव यांनी कारभार हाती घेतला. नोव्हेंबर २०१० मध्ये या कुटुंबाने ब्लॅकबर्न रोव्हर्स २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. क्लबवरचं कर्ज त्याच्या जोडीला आलं. प्रीमियर लीगमधला क्लब भारतीय मालकाकडे जाण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याकडे त्याचं कौतुक झालं, आणि ते स्वाभाविकही होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबईच्या बंदरातून कापूस जात होता. १९३१ मध्ये गांधीजी ब्लॅकबर्नला लागूनच असलेल्या डार्वेनला जाऊन बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटले होते. त्याच मुलखातला क्लब आता पुण्याच्या मालकीचा झाला होता.

क्लबही साधासुधा नव्हे. स्थापना १८७५ची. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या १२ संस्थापक क्लबांपैकी हा एक. एफए कप सहा वेळा जिंकलेला. मग बराच काळ दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत खितपत पडलेला. त्याला तिथून वर काढलं जॅक वॉकर या ब्लॅकबर्नच्याच पोलाद व्यापाऱ्याने. धंदा ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांना विकल्यावर १९९१ मध्ये त्याने क्लब ताब्यात घेतला, केनी डॅलग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं, अॅलन शिअररसाठी त्या काळी विक्रमी ठरलेले ३६ लाख पौंड मोजले. १४ मे १९९५ला शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलकडून हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडने वेस्ट हॅमशी बरोबरी केली आणि एक लाखभर वस्तीचं गाव इंग्लंडचं विजेतं ठरलं.

आता गंमत अशी, की हा वॉकरही ब्लॅकबर्नमध्ये राहत नव्हता. त्याचं बिऱ्हाड जर्सी बेटावर, जिथे श्रीमंतांना कर कमी पडतो तिथे. पाठीराख्यांना विचारून तो काही करत होता असंही नाही. तरी त्याचा पुतळा मैदानाबाहेर उभा आहे आणि एका स्टँडला त्याचं नाव आहे. कारण निर्णय कोणाचा, हा प्रश्नच कधी पडत नसे: तो जॅकचा. चुकला तर शिव्या कोणाला द्यायच्या हेही ठरलेलं. तेव्हा पुण्याच्या मालकांविरुद्धची तक्रार ‘लांब राहतात’ एवढीच असेल, तर ती फार लंगडी आहे. ती तेवढीच नाही.

खरेदीला महिना व्हायच्या आत, १३ डिसेंबर २०१०ला, मालकांनी मॅनेजर सॅम अॅलरडाइसला काढलं. संघ प्रीमियर लीगमध्ये तेराव्या स्थानावर होता, म्हणजे ब्लॅकबर्नच्या ऐपतीला साजेसा. क्लबचे अध्यक्ष जॉन विल्यम्स यांना या निर्णयात विचारलंच गेलं नव्हतं. दोनेक महिन्यांत तेही गेले. अॅलरडाइसच्या जागी आला त्याचाच सहायक स्टीव्ह कीन, ज्याने कधी कुठल्या संघाची मुख्य जबाबदारी पेलली नव्हती. त्याचा एजंट जेरोम अँडरसन हा क्लबच्या खरेदीत मालकांचाही सल्लागार होता. यात बेकायदा काही नसेलही. पण क्लब नक्की कोण चालवतंय, हा प्रश्न पाठीराख्यांना पडला तो तेव्हापासून. संघात रोनाल्डिन्यो येणार अशी हवा झाली, तो आला नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये, ऐन हंगामात, संघाला पुण्यात आणून बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळवला. पुढच्या महिन्यात एक जाहिरात आली: ड्रेसिंग रूममध्ये गणवेश घालून बसलेले खेळाडू, हातात व्यंकीजच्या चिकनच्या तंगड्या, आणि मग मैदानाकडे कूच. सामन्याच्या तोंडावर तळलेली कोंबडी कोण खातं, हे कोणत्याही शाळेच्या पीटी सरांनी सांगितलं असतं. संघ तेव्हा तळाला होता. पाठीराख्यांच्या मनाचा विचार जाहिरात बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

७ मे २०१२ला विगनविरुद्धच्या सामन्यात पावसात भिजलेल्या मैदानावर कोणीतरी जिवंत कोंबडी सोडली, तिच्या अंगावर क्लबचा झेंडा गुंडाळून. रोव्हर्स १-० हरले आणि प्रीमियर लीगमधून बाहेर पडले ते आजतागायत.

मला मात्र त्या कोंबडीपेक्षा पुढच्या वर्षीचा मँचेस्टरमधला एक खटला जास्त बोलका वाटतो. कीन गेल्यावर ऑक्टोबर २०१२ अखेर हेनिंग बर्गला मॅनेजर नेमलं. हा १९९५च्या विजेत्या संघातला बचावपटू. (याच बर्गने दोन वर्षांपूर्वी नॉर्वेच्या दूरचित्रवाणीवर म्हटलं होतं, की ज्याला थोडी पत आहे असा कुणीही मॅनेजर या मालकांकडे जाणार नाही. गेला तो स्वतःच.) ५७ दिवसांत, १० सामन्यांत एक विजय मिळाल्यावर त्याला काढलं. करारानुसार त्याला साडेबावीस लाख पौंड द्यावे लागणार होते. क्लबने आधी ही देणी कबूल केली आणि मग कबुली मागे घेण्याची परवानगी मागितली. कारण काय दिलं? तर, व्यवस्थापकीय संचालक डेरेक शॉ यांनी मालकांच्या संमतीशिवाय तो करार केला होता! न्यायालयाने ही सबब मानली नाही; पैसे भरायला लावले. पण पाठीराखे जे दोन वर्षं ओरडून सांगत होते, ते आता क्लबच्याच वकिलांनी लेखी दिलं होतं: सही करणाऱ्याला अधिकार आहे की नाही, याची खात्री खुद्द क्लबलाच नाही. त्याच काळात शेबी सिंग नावाचे मलेशियन दूरचित्रवाणी समालोचक ‘जागतिक सल्लागार’ म्हणून वावरत होते, आणि बर्गनंतरच्या मायकेल अॅपलटनला ६७ दिवसांत नारळ मिळाला तो त्यांच्या सहीच्या पत्राने. एका हंगामात, हंगामी धरून, पाच मॅनेजर झाले.

अशा वेळी पाठीराख्यांच्या हाती असतं तरी काय? ते शेअरहोल्डर नाहीत. कायद्याच्या भाषेत ते गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाचा हक्क एवढाच की माल पसंत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. क्लबच्या बाबतीत तो हक्क कुचकामी. ब्लॅकबर्नचा पाठीराखा उद्यापासून शेजारच्या वैरी बर्नलीचा होईल ही कल्पना त्या गावात बोलूनही दाखवू नये. मग उरतं ते आपली गैरहजेरी दाखवणं. २०१६ मध्ये लोक ठरवून अठराव्या मिनिटाला स्टँडमध्ये आले आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून गेले. अठरा, पंचाहत्तर: क्लबच्या स्थापनेचं साल. अनेकांनी पिढीजात सीझन तिकिटं सोडून दिली. ३१ हजारांच्या मैदानात त्या हंगामात सरासरी १३ हजारही माणूस नव्हता. पाठीराख्यांनी ‘रोव्हर्स ट्रस्ट’ ही सभासदांची संस्था काढली. ब्लॅकबर्नचे पूर्वीचे खासदार जॅक स्ट्रॉ, ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री आणि स्वतः रोव्हर्सचे जुने पाठीराखे, यांनीही मालकांवर उघड टीका केली होती. फरक काही पडला नाही. ७ मे २०१७ला, पहिल्या घसरणीला बरोबर पाच वर्षं झाली त्या तारखेला, रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत गेले. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबवर अशी पाळी पहिल्यांदाच आली.

शेजारच्या ब्लॅकपूलची गोष्ट इथे ठेवून पाहावी. तोही लँकेशायरचाच क्लब, पण मालक ऑयस्टन कुटुंब अगदी तिथलंच. २०१०-११चा एक हंगाम प्रीमियर लीगमध्ये खेळून मिळालेल्या पैशांतले कोट्यवधी पौंड या कुटुंबाच्या इतर कंपन्यांकडे वळले. पाठीराख्यांनी ‘आता एक पैसाही नाही’ म्हणत बहिष्कार पुकारला आणि तो वर्षानुवर्षं पाळला; मालकांनी त्यातल्या काहींवर बदनामीचे दावेही लावले. शेवटी मालक हटले, पण बहिष्कारामुळे थेट नव्हे. वालेरी बेलोकोन हा लॅटव्हियाचा भागीदार कोर्टात गेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने क्लब नागवला गेल्याचा निष्कर्ष काढून ३ कोटी १२ लाखांवर पौंड त्याला द्यायला सांगितले, आणि वसुलीसाठी फेब्रुवारी २०१९ मध्ये क्लबवर रिसीव्हर बसला. कोर्टात उभं राहायचा अधिकार होता तो परदेशी भागीदाराला. हजारो पाठीराख्यांना नव्हता. मालक गल्लीतला असला काय आणि पुण्याचा असला काय, अडचण तीच.

पूर्वी अगदीच असं नव्हतं. इंग्लिश फुटबॉल संघटनेचा ३४ क्रमांकाचा एक जुना नियम होता: लाभांशाला कमाल मर्यादा, संचालकांना पगार नाही. क्लब ही कंपनी खरी, पण त्यातून पैसा काढण्याची सोय नव्हती. १९८३ मध्ये टॉटनहॅमने वर एक होल्डिंग कंपनी बसवून ती शेअर बाजारात नेली आणि नियमाला वळसा घातला. संघटनेने चालवून घेतलं. पुढचं सगळं त्या वळशातून आलेलं आहे.

पुण्याच्या मालकांवर मात्र पैसे काढल्याचा आरोप करता येत नाही; ही गोष्ट रागाच्या भरात पाठीराखेही कधी कधी विसरतात. त्यांनी आजवर क्लबमध्ये २० कोटींहून जास्त पौंड ओतले आहेत. दर वर्षीचा तोटा ते भरतात, आणि ते थांबले तर क्लब दिवाळखोरीत जायला वेळ लागणार नाही. २०१८ मध्ये टोनी मोब्रेच्या हाताखाली संघ दुसऱ्या श्रेणीत परतला, तेव्हा काही वर्षं बरी गेली. मोब्रे पुण्याला जाऊन मालकांशी समोरासमोर बोलत असे. एका माणसाने दोन बाजूंना जोडून धरलं तर काय होतं, याचा तो पुरावा.

तो गेला आणि पुन्हा जुनं सुरू झालं. जानेवारी २०२३ मध्ये लुइस ओब्रायन या खेळाडूला घेण्याची कागदपत्रं मुदत टळल्यावर पोहोचली. पुढच्याच वर्षी डंकन मॅग्वायरचा करार कागदपत्रांच्या चुकीने फसला. एकदा चूक समजू शकतो. लागोपाठ दोन वर्षं? फेब्रुवारी २०२४ मध्ये अॅडम व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला गेला. ब्लॅकबर्नचाच पोरगा, सहाव्या वर्षापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला. त्याचे १ कोटी ८० लाख पौंड आले आणि तोटा भरण्यात गेले. उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या युरो संघात होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ पाचव्या स्थानावर, म्हणजे वरच्या श्रेणीच्या उंबरठ्यावर, असताना मॅनेजर जॉन युस्टस तळाशी झगडणाऱ्या डर्बीकडे निघून गेला. मे महिन्यात महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला. तिथे टिकायला लागणाऱ्या सुविधांचा खर्च करायचा नाही असं ठरलं. शेकडो कोटी रुपये तोट्यात घालणाऱ्याने नेमकी इथेच मूठ का आवळावी, हे ज्या मुलींचा संघ गेला त्यांना समोर बसून कोणी सांगितलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

मला यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट वाटते ती वेगळीच. या घराण्याचं खरं मोठेपण कोंबड्यांच्या धंद्यात नाही, अंड्यांच्या भावात आहे. १९८०च्या आसपास अंड्याचा भाव व्यापारी ठरवत आणि शेतकरी मुकाट घेत. बी. व्ही. राव यांनी गावोगावचे कुक्कुटपालक एकत्र केले आणि १९८२ मध्ये नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली. जो अंडं पिकवतो त्याला भावात बोलायचा हक्क आहे, हा तिचा पाया. आजही आपल्याकडे अंड्याचा रोजचा भाव हीच समिती जाहीर करते. विखुरलेल्या, एकेकट्या माणसांनी जिथे त्यांना कोणी विचारत नव्हतं तिथे आपला शब्द कसा चालवला, याचा आपल्याकडचा हा ठळक धडा. तो त्याच घरात शिकवायला होता. ब्लॅकबर्नचे पाठीराखे याहून वेगळं काही मागत नाहीत.

कायदा आता थोडा हलला आहे. २०१९ मध्ये १३४ वर्षं जुना बरी क्लब लीगमधून हाकलला गेला. २०२१ मध्ये सहा बड्या क्लबांनी परस्पर सुपर लीगचा घाट घातला, आणि मग सरकारला जाग आली. तेव्हाच्या खासदार ट्रेसी क्राउच यांच्या समितीचा अहवाल त्याच वर्षी आला; जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायद्यावर राजाची मोहोर उमटली. वरच्या पाच श्रेणींतल्या ११६ क्लबांसाठी स्वतंत्र नियामक आला. नालायक ठरलेल्या मालकाला क्लब सोडायला लावण्याचा अधिकार त्याला आहे. बोधचिन्ह, रंग, मैदान यांबाबत पाठीराख्यांना डावलता येणार नाही. पण पैसे वेळेवर भरणारा, कायदा न मोडणारा आणि तरीही कुणालाच न भेटणारा मालक ‘नालायक’ ठरेल का? मला शंका आहे. रोव्हर्सच्या पाठीराख्यांनी त्यापेक्षा कायद्यातल्या एका रुक्ष कलमावर जास्त भिस्त ठेवावी. परवान्यासाठी अर्ज करताना प्रत्येक क्लबला एक निवेदन जोडावं लागणार आहे: मालक कोण, अंतिम मालक कोण, अधिकारी कोण, आणि त्यातल्या कोणाकडे कोणतं काम. डेरेक शॉ यांच्या सहीबद्दल कोर्टात जे म्हटलं गेलं, ते त्यानंतर इतक्या सहज म्हणता येणार नाही.