खाटेशेजारच्या स्टुलावर

धार किंवा देवासकडचं म्हातारं माणूस घरात पडलं, खुब्याचं हाड मोडलं, की गाडी बहुधा इंदूरच्या रस्त्याला लागते. ऑपरेशन व्यवस्थित होतं, डॉक्टर ‘काळजीचं कारण नाही’ म्हणतात, घरोघरी फोन जातात. आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तेच आजोबा सलाईनची नळी ओढू लागतात. त्यांना भिंतीवर माणसं दिसतात, पोटच्या मुलाची ओळख पटत नाही, ‘मला घरी जायचंय’ म्हणत ते खाटेवरून उतरू पाहतात. सकाळी पुन्हा शुद्धीवर, चहा मागतात. रात्री पुन्हा तेच. नातेवाइकांत कुणी म्हणतं वात झाला, कुणी म्हणतं भूल चढली, आणि मुलगी जिन्यात जाऊन रडते, कारण तिला वाटतं आता बाबा कायमचे भ्रमिष्ट झाले.

वैद्यकात याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे आणि स्मृतिभ्रंशही नव्हे. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. डिलिरियम काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत येतो आणि एकाच दिवसात कमी-जास्त होत राहतो. त्याची मुख्य खूण म्हणजे लक्ष न टिकणं. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले तर माणूस दुसऱ्या वारालाच भरकटतो. शिवाय आरडाओरडा करणारा रुग्ण निदान कुणाच्या नजरेत तरी भरतो. त्याहून घातक आहे तो गप्प प्रकार. आजी दिवसभर पडून आहेत, हाक मारली तर डोळे उघडतात आणि पुन्हा मिटतात, घास तोंडातच राहतो. सगळे म्हणतात, थकल्यात, झोपू द्या. हा डिलिरियम दिवसचे दिवस कुणाच्या ध्यानात येत नाही.

वयच झालं म्हणून हे सोडून देण्यासारखं नाही. डिलिरियम झालेला वृद्ध रुग्णालयात जास्त दिवस राहतो, जास्त पडतो, त्याच्या जिवालाही जास्त धोका असतो, आणि कित्येकांची बुद्धी नंतर पूर्ववत होत नाही. तरीही या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आशेचं आहे: अभ्यासकांच्या अंदाजाने सुमारे ३० ते ४० टक्के डिलिरियम टाळता येतो. तोही महागड्या औषधाशिवाय.

हे दाखवून देण्याचं मोठं श्रेय अमेरिकेतल्या डॉ. शॅरन इनूये यांना जातं. १९९० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाटेशेजारी उभं राहून डिलिरियम ओळखण्याची छोटी पद्धत तयार केली. ती आज जगभर वापरतात. १९९६ च्या अभ्यासात त्यांनी रुग्णालयातच घडणाऱ्या पाच गोष्टी डिलिरियमला निमित्त ठरतात असं दाखवलं: हातपाय बांधणं, अन्न कमी पडणं, एकदम तीनहून जास्त नवी औषधं सुरू होणं, लघवीची नळी, आणि उपचारांतूनच उद्भवलेला एखादा अपाय. ही यादी मला फार बोचते. रुग्ण गोंधळला म्हणून आपण हात बांधतो, आणि बांधलेले हात त्याला आणखी गोंधळात ढकलतात.

मग १९९९ साली येल न्यू हेवन रुग्णालयातला त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सत्तरी ओलांडलेले ८५२ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीची सेवा, निम्म्यांना नेहमीच्या सेवेबरोबर काही जादा काळजी. ही जादा काळजी वाचताना आपल्या घरातलीच कुणी मावशी बोलतेय असं वाटतं. रात्री कोमट दूध किंवा काढ्यासारखा चहा, पाठीला हलकी मालिश, मंद संगीत. मध्यरात्री उठवून औषध द्यावं लागू नये म्हणून वेळा बदलणं. दिवसातून तीनदा चालवणं किंवा निदान हातपाय हलवायला लावणं. चष्मा डोळ्यावर, श्रवणयंत्र कानात, आणि कानात मळ असेल तर तो काढणं. पाणी प्यायला आठवण करणं. फळ्यावर आजचा वार, सिस्टरचं नाव, दिवसभरात काय होणार ते लिहिणं. ताज्या बातम्यांवर गप्पा, जुन्या आठवणी, शब्दांचे खेळ. यातलं बरंचसं काम प्रशिक्षित स्वयंसेवक करत होते.

नेहमीच्या सेवेतल्या गटात १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, काळजीच्या गटात ९.९ टक्क्यांना. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, सारख्या रुग्णांच्या जोड्या लावून पाडलेले होते, हे खरं. पण पुढच्या काटेकोर चाचण्यांनीही तीच दिशा दाखवली. या प्रयोगातली दुसरी गोष्टही ध्यानात ठेवायला हवी: एकदा डिलिरियम सुरू झाल्यावर या उपायांनी त्याची तीव्रता फारशी कमी झाली नाही. म्हणजे खरी संधी दाखल झाल्याच्या पहिल्या दिवसापासूनच असते. रुग्ण नळ्या ओढायला लागल्यावर सुचलेलं शहाणपण फार उपयोगी पडत नाही.

औषधाने हे टाळता येईल का, यावरही खूप प्रयत्न झाले. अतिदक्षता विभागातल्या १,७८९ रुग्णांना आधीपासून हॅलोपेरिडॉल देऊन पाहणारी मोठी चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. फायदा दिसला नाही. उलट काही रोजची औषधं डिलिरियम ओढवून आणतात. झोपेसाठी सर्रास मिळणारी अल्प्राझोलाम, खाज-सर्दीसाठी किंवा रक्त चढवताना दिलं जाणारं एव्हिल, लघवी आवरण्याच्या काही गोळ्या, यांनी म्हाताऱ्या मेंदूचा ताळ सुटू शकतो. मात्र वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी किंवा रोजची दारू एकदम बंद झाली तरीही डिलिरियम होतो. म्हणून दाखल करताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणि लपवलेल्या सवयींची माहिती, दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवली पाहिजे. आजोबा रोज संध्याकाळी घेतात हे सांगायला घरचे लाजतात आणि तिसऱ्या रात्री ती लाज महागात पडते.

आता आपल्याकडच्या परिस्थितीकडे येऊ. येलमध्ये जे काम स्वयंसेवकांना शिकवून उभं करावं लागलं, ते करणारं माणूस आपल्या प्रत्येक वॉर्डात आधीच खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेलं असतं. अटेंडरचा पास गळ्यात घालून सून, मुलगा, भाची, कुणी ना कुणी रात्रंदिवस असतं. त्याच्याकडून आपण काय काम करून घेतो? औषधं आणणं, रिपोर्ट आणणं, बिल भरणं. चीनमधल्या चेंगदूच्या वेस्ट चायना रुग्णालयाने याच माणसाला कामाला लावलं. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या सत्तरीपुढच्या २८१ रुग्णांवरच्या, चिठ्ठी टाकून गट पाडलेल्या या चाचणीत नातेवाइकांना आणि नेमलेल्या मदतनिसांना शिकवून रुग्णाला भान देणं, बोलतं ठेवणं, लवकर हलवणं ही कामं दिली गेली. २०२० साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: नेहमीच्या सेवेत १९.४ टक्क्यांना डिलिरियम, कुटुंब सामील झालं तिथे २.६ टक्क्यांना. एका रुग्णालयातली, एका देशातली ही चाचणी आहे, त्यामुळे तंतोतंत तसेच आकडे इंदुरात मिळतील असं म्हणता येणार नाही. पण धार-देवासच्या कुटुंबाला येलपेक्षा चेंगदूचं रुग्णालय जवळचं वाटेल, हे मात्र नक्की.

म्हणजे नेमकं काय करायचं? आजींचा चष्मा आणि कवळी ‘हरवायला नको’ म्हणून देवासच्या कपाटात रुमालात गुंडाळून ठेवलेली असते. ती आधी मागवायची. दात नाहीत म्हणून त्या जेवत नाहीत, चष्मा नाही म्हणून खिडकीचा पडदा त्यांना माणूस वाटतो. सकाळी तोंड धुवून झालं की स्वच्छ आवाजात सांगायचं: “नाना, आपण इंदूरला दवाखान्यात आहोत. आज मंगळवार. काल तुमच्या पायाचं ऑपरेशन झालं. मी सुधाकरचा मुलगा.” ‘ओळखा पाहू मी कोण’ ही परीक्षा घ्यायची नाही. चुकलं की माणूस घाबरतो. दिवसा पडदे उघडे, गप्पा चालू. रात्री दिवे मंद, मोबाइलचा आवाज बंद, भेटायला येणाऱ्यांना सकाळची वेळ. पाणी घोट घोट, पण हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती, ते डॉक्टरांना विचारून. उठून बसवणं, चालवणंही त्यांच्या परवानगीने, पण ती परवानगी आपण होऊन मागायची. लघवीची नळी अजून लागते का, हे रोजच्या राउंडला विचारायचं. पोट साफ झालं का, तेही.

गप्पांना आपल्याकडे विषयांची काय वाण? देवासच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमचं घर थोरल्या पातीत होतं की धाकट्या. एकाच गावात पवारांची दोन संस्थानं, गल्लीगल्लीतून गेलेली हद्द, १९४८ साली दोन्ही मध्य भारतात विलीन. ज्यांनी ते बालपणी पाहिलं ते आज ऐंशीच्या पुढे आहेत, आणि त्यांना ते सांगायचं असतं. धारच्या आजोबांना किल्ला आणि मुंज तलाव पुरतो. दुसरं म्हणजे भाषा. या घरांतली माणसं बाहेर अस्खलित हिंदी बोलतात, पण गोंधळलेलं म्हातारं माणूस कधी कधी लहानपणच्या मराठीकडे वळतं. मराठी न समजणाऱ्या सिस्टरला ते असंबद्ध बरळणं वाटू शकतं, आणि खरं तर आजी पाणी मागत असतात. हे ड्यूटीवरच्या सिस्टरला आधीच सांगून ठेवावं.

सगळा भार घरच्यांवर टाकणं मात्र अन्यायाचं होईल. सलग तीन रात्री जागलेल्या सुनेकडून कसली अपेक्षा करायची? पाळ्या लावल्या पाहिजेत. आणि अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर पाच मिनिटांच्या भेटीसाठी ताटकळणाऱ्या नातेवाइकाला यातलं काहीच करता येत नाही. म्हाताऱ्या रुग्णाजवळ एका ओळखीच्या माणसाला दिवसा जास्त वेळ बसू देणं, हा नियम रुग्णालयांनीच बदलायला हवा. २०१०-११ साली सुरू झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत दहा खाटांच्या वृद्ध कक्षाची तरतूद आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजना सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुली झाली आहे. या वयाची माणसं आता जास्त संख्येने दाखल होणार. अटेंडरच्या पासाबरोबर हिंदीत छापलेला एक कागद आणि सिस्टरची दहा मिनिटं, एवढ्यावर सुरुवात करता येईल.

घरी सोडल्यावरही गोंधळ काही आठवडे, कधी काही महिने रेंगाळू शकतो. त्या काळात आजोबांकडून बँकेच्या किंवा जमिनीच्या कागदांवर सह्या घेऊ नयेत. तीन-चार महिन्यांनी स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी. आणि पुढे कधी मोतीबिंदूसाठी, न्यूमोनियासाठी, कशासाठीही पुन्हा दाखल करायची वेळ आली, तर पहिल्याच पाच मिनिटांत डॉक्टरांना सांगावं की यांना मागच्या वेळी डिलिरियम झाला होता.