सिमलिंक हा उपाय नव्हे

उबुंटू २२.०४ वर एखादं जुनं, तयार बायनरी स्वरूपातलं सॉफ्टवेअर चालवायला जावं आणि ‘लिबएसएसएल.एसओ.१.१ सापडत नाही’ असा संदेश यावा, की कोणीतरी हमखास सांगतं : “अरे, लिबएसएसएल.एसओ.३ आहे ना तुझ्याकडे? त्यालाच १.१ नावाची सिमलिंक मार, होतंय काम.” नाही होत. तरी हा सल्ला काही मरत नाही.

नावाच्या शेवटचा तो आकडा शोभेचा नसतो. लायब्ररीच्या आत तिचं ‘सोनेम’ कोरलेलं असतं आणि तिला जोडलेली प्रत्येक बायनरी तेच नाव स्वतःत नोंदवून घेते. जुन्या बायनरींना पुढे चालणार नाही असा बदल झाला, की लायब्ररीचे लेखक आकडा वाढवतात. दारावरची पाटी बदलून आत राहणारा माणूस बदलत नाही.

ओपनएसएसएलचंच घ्या. ३.० आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली. समोरच्याचं प्रमाणपत्र मागणारं ‘एसएसएल_गेट_पीअर_सर्टिफिकेट’ हे फंक्शन त्या लायब्ररीत नाहीच. ते आता हेडर फाईलमधलं मॅक्रो आहे, नव्या नावाच्या फंक्शनकडे वळवणारं. सोर्स हाताशी असेल तर पुन्हा कंपाइल करा, बिघडत नाही. तयार बायनरी मात्र जुनंच नाव शोधणार. खरं तर गोष्ट तिथवरही जात नाही. या लायब्ररीतल्या सिंबॉलांवर आवृत्तीची खूण असते, लोडर ती सुरुवातीलाच तपासतो आणि ‘ओपनएसएसएल_१_१_०’ सापडली नाही म्हणून प्रोग्राम अडवतो. सिमलिंकने साधलं काय, तर एका चुकीच्या जागी दुसरी चूक दिसू लागली.

“पण माझं एकदा चाललं होतं!” चाललं असेल. लिबटिन्फो ५ च्या जागी ६ दाखवून पुष्कळ प्रोग्राम चालतात, कारण त्यांना लागणारी फंक्शनं सुदैवाने बदललेली नसतात. पण लिबटिन्फो ज्याचा भाग आहे त्या एनकर्सेसच्या ६ मध्ये माऊसच्या घटनांची बिटमांडणी मात्र बदलली आहे. जिथे आवृत्तीची खूणच नसते, तिथे हा खेळ आणखी वाईट : प्रोग्राम बऱ्याचदा ऐटीत सुरू होतो आणि नसलेल्या फंक्शनला पहिल्यांदा हाक मारेल तेव्हा, भर कामात, कोसळतो. मांडणीच बदललेली असेल तर कधी कोसळतही नाही, चुकीची उत्तरं देत राहतो.

मग करायचं काय? १.१ आणि ३ एका मशीनवर सुखाने नांदतात; वेगळे आकडे त्यासाठीच आहेत. जुनी लायब्ररी त्या प्रोग्रामच्याच फोल्डरात ठेवा आणि पॅचएल्फने बायनरीला तिथला रस्ता दाखवा. ओपनएसएसएलकडून मिळणारी १.१.१ ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये संपली, हे ध्यानात ठेवून.

‘जीलिबसी_२.३४ सापडत नाही’ यावर दुसरीकडून जीलिबसीची लिबसी.एसओ.६ फाईल आणून जुन्यावर चढवणाऱ्यांना तर हात जोडावेत. एलएस, सीपी, सुडो, सगळं त्याच फायलीवर उभं आहे. जुनी बायनरी नव्या जीलिबसीवर चालते, उलटं नाही; म्हणून वाटायच्या बायनरी जुन्या सिस्टिमवर बांधतात. पायथनच्या बायनरी पॅकेजांचं ‘मेनीलिनक्स२०१४’ हे मानक सेंटओएस ७ च्या जीलिबसी २.१७ वर बेतलंय ते याचसाठी.

बायनरीला कोणत्या लायब्रऱ्या लागतात हे दाखवणारी एलडीडी ही आज्ञा नुसती वाचते, तिला कुठलीही बायनरी दाखवा, असं वाटतं? तिच्याच मॅन पेजवर इशारा आहे की अनोळखी बायनरीवर ती वापरू नये, प्रोग्राम प्रत्यक्ष चालू शकतो. शिवाय डीएलओपनने मागाहून उघडल्या जाणाऱ्या लायब्रऱ्या तिला दिसत नाहीत.

लायब्रऱ्या कुठे शोधायच्या हे लोडरला सांगणारा एलडी_लायब्ररी_पाथ बॅशआरसीत कायमचा टाकला, की एका प्रोग्रामचं औषध त्या शेलमधून निघणाऱ्या सगळ्यांना पाजलं जातं.

आणि फाईल समोर असताना ‘अशी फाईल नाही’ असं उत्तर आलं, तर परवानग्या बदलत बसू नका. बहुधा हरवलेला असतो तो बायनरीत नोंदवलेला लोडर. अल्पाइन जीलिबसीऐवजी मसल वापरतं, त्यामुळे उबुंटूची बायनरी तिथे नेली की नेमकं हेच होतं.