विश्लेषण : ‘एनपीएस’मध्ये पर्याय मोजकेच, मग निवड कशी करायची?

केंद्र सरकारच्या सेवेतील ५४ वर्षांच्या कर्मचाऱ्याने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत (एनपीएस) आज ‘एलसी-५०’ हा पर्याय घेतला, तर त्याचे निम्मे पैसे शेअर बाजारात जातील असे वाटू शकते. प्रत्यक्षात त्या वयात समभागांचा वाटा असतो फक्त १२ टक्के. पर्यायाच्या नावातला आकडा आणि खात्यातला आकडा यांतील ही तफावत अनेकांच्या लक्षात येत नाही. दरमहा पगारातून कापल्या जाणाऱ्या या पैशाबाबत कर्मचाऱ्याला नेमके काय ठरवता येते आणि ते ठरवताना काय पाहावे, याविषयी...

पैसे किती आणि कुठे जातात?

१ जानेवारी २००४ किंवा त्यानंतर केंद्रीय सेवेत आलेल्यांना (सैन्यदले वगळून) एनपीएस लागू झाली. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम कर्मचारी भरतो. सरकारचा वाटा एप्रिल २०१९ पासून १४ टक्के आहे. म्हणजे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ६० हजार रुपये असतील, तर दरमहा १४ हजार ४०० रुपये खात्यात जमा होतात.

कर्मचाऱ्याने काहीच कळवले नाही, तर हे पैसे ‘डिफॉल्ट’ योजनेत जातात. तेथे ते एसबीआय, यूटीआय आणि एलआयसी यांच्या पेन्शन फंडांत विभागले जातात. या योजनेत सरकारी रोखे आणि कंपन्यांचे कर्जरोखे यांचा भर मोठा असतो. समभागांचा वाटा दीर्घकाळ १५ टक्क्यांच्या मर्यादेत राहिला. ही मर्यादा निवृत्तिवेतन निधी नियामक ‘पीएफआरडीए’ वेळोवेळी बदलते, त्यामुळे निर्णयापूर्वी ताजे परिपत्रक पाहावे.

कोणते पर्याय उपलब्ध आहेत?

एप्रिल २०१९ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना फंड व्यवस्थापक आणि गुंतवणुकीची पद्धत निवडण्याची मुभा मिळाली. सुरुवातीला डिफॉल्टशिवाय तीनच पर्याय होते : १०० टक्के सरकारी रोखे, एलसी-२५ आणि एलसी-५०. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांत एलसी-७५ आणि ‘बॅलन्स्ड लाइफ सायकल’ यांची भर पडली.

‘एलसी’ म्हणजे लाइफ सायकल. यात वय वाढते तसा समभागांचा वाटा आपोआप घटतो आणि सरकारी रोख्यांचा वाढतो. खासगी क्षेत्रातील खातेदाराला प्रत्येक प्रकाराची टक्केवारी स्वतः ठरवता येते. सरकारी कर्मचाऱ्याला ती मोकळीक नाही. त्याला तयार साच्यांतूनच एक निवडावा लागतो.

नावातल्या आकड्याचा अर्थ काय?

२५, ५०, ७५ हे आकडे समभागांचा कमाल वाटा दाखवतात आणि तो वाटा वयाच्या ३५ वर्षांपर्यंतच लागू असतो. त्यानंतर दरवर्षी कपात सुरू होते.

एलसी-२५ : ३५ व्या वर्षी २५ टक्के, ४५ व्या वर्षी १५ टक्के, ५५ व्या वर्षी ५ टक्के.

एलसी-५० : ३५ व्या वर्षी ५० टक्के, ४५ व्या वर्षी ३० टक्के, ५५ व्या वर्षी १० टक्के.

एलसी-७५ : ३५ व्या वर्षी ७५ टक्के, ४५ व्या वर्षी ३५ टक्के, ५५ व्या वर्षी १५ टक्के.

बॅलन्स्ड लाइफ सायकल : ४५ व्या वर्षापर्यंत ५० टक्के, ५५ व्या वर्षी ३५ टक्के.

हे आकडे शेजारी ठेवले की दोन गोष्टी दिसतात. एलसी-५० आणि एलसी-७५ या दोन्हींत पन्नासाव्या वर्षी समभागांचा वाटा सारखाच, म्हणजे २० टक्के असतो. पंचविशीतल्या कर्मचाऱ्यासाठी या दोन पर्यायांत मोठे अंतर आहे, पन्नाशीतल्यासाठी जवळपास नाही. दुसरे म्हणजे, जास्त परताव्याच्या आशेने पंचेचाळिशीनंतर एलसी-२५ घेणाऱ्याच्या खात्यात समभाग १५ टक्क्यांहूनही कमी होत जातात. बॅलन्स्ड पर्याय मात्र याच्या उलट आहे. नाव सौम्य असले तरी ५५ व्या वर्षी समभागांचा सर्वाधिक वाटा त्यातच असतो.

फरक खरोखर किती पडतो?

दरमहा १४ हजार ४०० रुपये २५ वर्षे जमा होत राहिले आणि वार्षिक परतावा ८ टक्के धरला, तर सुमारे १ कोटी ३७ लाख रुपये जमतात. परतावा ९ टक्के धरला, तर हीच रक्कम सुमारे १ कोटी ६१ लाख होते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, परताव्याची हमी नव्हे. पण एका टक्क्याने २४ लाखांचा फरक पडतो, हे त्यातून कळते. तरुण वयात निवड न करता राहण्याची किंमत अशी मोजावी लागू शकते.

जोखमीची बाजूही तितकीच खरी आहे. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांच्या आसपास असलेला सेन्सेक्स २३ मार्च २०२० रोजी २६ हजारांखाली आला होता. अशी ४० टक्क्यांची घसरण निवृत्तीच्या तोंडावर आली आणि एक कोटीच्या निधीत समभाग १० टक्के असतील, तर फटका ४ लाखांचा बसतो. समभाग ३५ टक्के असतील, तर १४ लाखांचा. पस्तिशीतल्या कर्मचाऱ्याला भरून निघण्यासाठी २५ वर्षे मिळतात, ५९ व्या वर्षी ती मिळत नाहीत.

फंड व्यवस्थापक कोणता घ्यावा?

‘सगळ्यांत चांगला फंड कोणता?’ हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, पण त्याचे महत्त्व दुय्यम आहे. सर्व व्यवस्थापकांना पीएफआरडीएच्या एकाच चौकटीत गुंतवणूक करावी लागते आणि व्यवस्थापन शुल्कही सर्वत्र अत्यल्प आहे. गेल्या वर्षीचा अव्वल फंड पुढील वर्षी अव्वल राहीलच असे नाही. तुलना करायचीच असेल तर किमान पाच ते दहा वर्षांच्या परताव्याची करावी. व्यवस्थापक वर्षातून एकदाच बदलता येतो. निधी वाढेल किती आणि हेलकावे खाईल किती, हे मुख्यतः समभाग आणि रोखे यांच्या प्रमाणावर ठरते.

‘यूपीएस’ घेतलेल्यांचे काय?

एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत (यूपीएस) २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतनाची हमी आहे. तेथेही गुंतवणुकीचा पर्याय निवडता येतो, पण हिशेब वेगळा आहे. डिफॉल्ट योजनेच्या आधारे एक ‘मानक निधी’ काढला जातो. स्वतः निवडलेल्या पर्यायातला निधी त्यापेक्षा कमी भरला, तर ती तूट स्वतः भरून काढावी लागते, अन्यथा निवृत्तिवेतन त्या प्रमाणात घटते. निधी जास्त भरला तर वरची रक्कम कर्मचाऱ्याला मिळते. म्हणून यूपीएसमध्ये केवळ हमीची अपेक्षा असलेल्याने डिफॉल्ट सोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

मग ठरवायचे कसे?

आधी घरातली बाकीची पुंजी मोजावी. पीपीएफ, मुदत ठेवी, विमा यांतच बहुतांश बचत असेल आणि वय चाळिशीच्या आत असेल, तर एनपीएसमध्ये समभागांचा मोठा वाटा झेपू शकतो. म्युच्युअल फंडांत आधीच मोठी रक्कम असेल किंवा गृहकर्जाचा भार असेल, तर मधला पर्याय बरा. एनपीएसमध्ये साठाव्या वर्षी सरकारी कर्मचाऱ्याला निधीच्या किमान ४० टक्के रकमेतून वार्षिकी, म्हणजे दरमहा पेन्शन देणारी योजना घ्यावी लागते. त्यामुळे निवृत्तीला पाच-सात वर्षे उरली असताना अचानक समभाग वाढवणे धोक्याचे ठरू शकते.

बाजार कोसळल्यावर घाबरून पर्याय बदलणेही टाळावे. तसे केल्यास कागदावरचा तोटा प्रत्यक्षात पदरात पडतो.

राज्य कर्मचाऱ्यांना हे पर्याय त्यांच्या सरकारने लागू केले असतील तरच मिळतात. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांनी त्याची खात्री आपल्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे करावी. इतरांनी ‘प्राण’ क्रमांकाने खात्यात लॉगिन करून सध्या कोणती योजना चालू आहे आणि आपल्या वयाला तिच्यात समभाग किती टक्के आहेत, हे आधी तपासावे. तो आकडा आपल्याला हवा तेवढाच असेल, तर काहीही बदलण्याची गरज नाही.